सांध्यातला निळा ठिपका

फुंकरमामा हे नाव त्यांना कोणी दिले ते नक्की कोणालाच सांगता येत नव्हते. विद्यापीठाच्या विज्ञान विभागात ते कामाला लागले तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते आणि मामा म्हणावे असे त्यांच्यात काही नव्हते. पण विद्यार्थ्यांच्या कुठल्यातरी तुकडीने हे नाव चिकटवले आणि ते असे घट्ट बसले की पुढे प्राध्यापक, कारकून, शिपाई सगळेच त्यांना फुंकरमामा म्हणू लागले. हजेरीपत्रकावर तेवढे त्यांचे पूर्ण नाव होते. ते वाचायचे काम रोज सकाळी सही करताना ते स्वतःच करायचे.

मामांचे काम काच फुंकण्याचे. विज्ञान विभागाच्या तळघरात, जिन्याखालच्या दाराने आत गेले की त्यांची खोली. एक लांब टेबल, त्यावर जळून काळा पडलेला पत्रा, मधोमध बर्नर, भिंतीला साखळीने बांधलेले दोन सिलिंडर आणि मांडणीवर उभ्या ठेवलेल्या काचेच्या नळ्या. वरच्या तीन मजल्यांवर जे काही उकळायचे, गाळायचे, थंड करायचे किंवा निर्वात करायचे, त्यातली निम्मी भांडी याच टेबलावर जन्माला आलेली. मामा डोळ्यांना रंगीत चष्मा लावायचे, रबरी नळीचे टोक दातांत धरायचे आणि काच ज्योतीत फिरवत राहायचे. काच मऊ झाली की नेमकी किती फुंकर घालायची हे गालांना कळायचे, डोक्याला नव्हे. कोणी विचारले तर ते म्हणायचे, "गालांना विचारा. मला काय माहीत?"

बर्नर मात्र जुनाट होता. ऑक्सिजनची झडप नीट उघडत नसल्यामुळे ज्योतीला कायम पिवळी शेपटी असायची आणि ती थोडा धूर ओकायची. नवा बर्नर मिळावा म्हणून मामांनी अकरा वर्षे दरवर्षी एक अर्ज केला. अकरा वर्षे अर्ज वरती गेला आणि वरच राहिला. शेवटी त्याच ज्योतीशी त्यांनी जुळवून घेतले. नांदायचे तर सासूचा स्वभाव धरूनच, असे ते बायकोला म्हणायचे आणि ती म्हणायची, "माझ्या सासूला मध्ये आणू नका."

नव्या भांड्यांपेक्षा मोडलेली भांडी जास्त यायची. मोठे काचपात्र मागवले की आठ महिने वाट पाहावी लागायची, म्हणून संशोधन करणारी मुले फुटकी मान, तुटकी नळी कागदात गुंडाळून मामांकडे आणायची. मामा सांधायचे, आणि असे सांधायचे की जोड शोधून सापडू नये. त्यांच्या नोकरीच्या चौथ्या वर्षी त्याचाच घोळ झाला. सांधलेले एक पात्र कोणीतरी धडके समजून निर्वात पंपाला लावले, ते आतल्या आत फुटले आणि एका विद्यार्थ्याचा तळहात चिरला गेला. चौकशीत कोणालाच सांगता आले नाही की पात्र सांधलेले होते की नव्हते. मामांनाही नाही. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली.

त्यानंतर त्यांनी एक शिस्त लावून घेतली. सांधलेल्या प्रत्येक भांड्यावर, जोड जिथे संपतो तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढा निळ्या काचेचा ठिपका. त्यासाठी ते स्वतःच निळ्या कांड्या बनवायचे. भांड्याच्याच जातीची काच घ्यायची, त्यात कोबाल्टची चिमूटभर भुकटी टाकायची आणि ज्योतीत मळून कांडी ओढायची. सुरुवातीला ठिपका भांड्याच्या बाहेरून असे. पण वार्षिक मोजणीच्या वेळी भांडी धडकी दिसावीत म्हणून स्टोअरकीपर कानस घेऊन बसायचा आणि ठिपके घासून काढायचा. हे कळल्यावर मामांनी ठिपका आतून लावायला सुरुवात केली. मानेच्या आत, जोडाच्या टोकाला, जिथे कानस पोचत नाही. आणि एका वहीत नोंद: तारीख, भांडे, काय मोडले, ठिपका कुठे.

"आता लबाडी करायची तर भांडंच फोडावं लागेल," असे त्यांनी बायकोला मोठ्या समाधानाने सांगितले होते.

रसायनाच्या माणसाला हे कोणी सांगितले असते तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता. भांड्याच्या आत काय आहे आणि काय नाही यावरच त्याचे सगळे शास्त्र उभे. पण मामांना रसायन येत नव्हते, काच येत होती. आणि ज्यांना रसायन येत होते ते तळघरात फक्त भांडे टाकायला आणि उचलायला यायचे.

मामांच्या मनात एकच गोष्ट सलत असे. विभागात कोणाचा शोधनिबंध छापून आला की ग्रंथपाल त्यांना तो दाखवायचा, कारण मामांनीच त्याला तशी गळ घातली होती. मजकूर परक्या भाषेत असायचा. ग्रंथपाल शेवटच्या आभाराच्या चार ओळी मराठीत सांगायचा. त्यात अनुदान देणाऱ्यांचे आभार असत, यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे असत, एकदा तर एकाने बायकोच्या सहनशीलतेचे आभार मानले होते. आणि कधीमधी शेवटी, "काचकाम विभागाचे आभार."

"विभाग म्हणजे कोण रे?" मामा विचारायचे. "मी आणि एक स्टूल. स्टुलाचं नाव नको, पण माझं तरी घालावं."

एकतीस वर्षांत नाव एकदाही छापले गेले नव्हते. एकदा छापून यावे, वडिलांच्या नावासकट, एवढीच त्यांची हौस होती. बायको चेष्टा करायची की मी इतके कपडे शिवले, कोणी कॉलरवर माझे नाव घातले का? मामा हसायचे, पण हौस काही जायची नाही.

निवृत्तीला दीड वर्ष राहिले असताना मोठ्या सरांचा शोध लागला.

मोठे सर म्हणजे रसायन विभागाचे प्रमुख. एका झाडाच्या तेलापासून तापावरच्या औषधातला मुख्य घटक तयार करायला जगभर दोन दिवस आणि प्रचंड उष्णता लागायची. सरांनी बनवलेली एक करडी पावडर तेलात टाकली की तेच काम निम्म्या उष्णतेत दोन तासांत होत होते. वर्तमानपत्रात बातमी आली, फोटो आला. फोटोत सरांनी हातात तीन मानांचे काचपात्र धरले होते. मामांनी घडीचे भिंग काढून फोटो पाहिला आणि त्यांना डाव्या मानेच्या आत एक बारीक गडद डाग दिसला.

"माझं भांडं आहे," ते बायकोला म्हणाले. "सांधलेलं."

तिने बातमी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तोवर मामांच्या मनात दुसरे काही आले नाही. पावडर सरांची, शोध सरांचा, भांडे आपले, इतका साधा हिशेब होता. फक्त एक गोष्ट थोडी टोचली. दोन वर्षांपूर्वी मोठ्या सरांनी लेखी आदेश काढला होता की त्यांच्या प्रयोगशाळेत दुरुस्त केलेले एकही भांडे येता कामा नये. त्या कागदावर मामांनी सही केली होती. पण पुढे एक संशोधक मुलगा तुटक्या मानेचे हे पात्र घेऊन दाराशी रडवेला होऊन उभा राहिला आणि मामा विरघळले. तो मुलगा केव्हाच परदेशी निघून गेला होता. पात्र राहिले.

निबंध छापून सहा महिने होत नाहीत तोच कुरबूर सुरू झाली. दोन परदेशी प्रयोगशाळांनी कळवले की सरांची पावडर वापरूनही आमच्याकडे तेल तसेच राहते. सरांनी मामांकडून दहा नवी कोरी पात्रे करून घेतली आणि आपल्या हाताखालच्या संशोधक मुलीला प्रयोग पुन्हा पुन्हा करायला लावला. एकाही नव्या पात्रात काही घडेना.

ही मुलगी जाड चष्मा लावायची, म्हणून तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. सहा वर्षे ती सरांकडे होती. प्रबंध याच शोधावर होता आणि मुदत वर्षअखेर संपत होती. सरांनी बैठकीत सगळ्यांदेखत तिला सांगितले की पावडर माझी आहे, पद्धत माझी आहे, तेव्हा चूक तुझ्या हातांत आहे. त्या दिवसापासून ती दुपारचा डबा घेऊन तळघरात येऊ लागली. इमारतीत तेवढी एकच जागा होती जिथे तिला कोणी 'झालं का?' असे विचारत नव्हते.

एके दिवशी डबा न उघडताच ती म्हणाली, "मामा, तुमच्या नव्या भांड्यांत काही वेगळं आहे का?"

"काच तीच, हात तोच. का गं?"

"जुन्यात होतं. नव्यात होत नाही. सर म्हणतात मी भांडी नीट धूत नाही. हे बघा." तिने दोन्ही हात पुढे केले. धुवून धुवून बोटांची कातडी सोलवटली होती.

मामांनी तिचे हात पाहिले. जुने पात्र घेऊन ये, एवढेच म्हणाले. तिने आणले. त्यांनी डावी मान उजेडाकडे धरली आणि भिंग लावले. ठिपका जागच्या जागी होता, पण त्याचे तोंड खरखरीत झाले होते आणि त्यावर काळसर चमक आली होती. त्यांनी वही काढली. तारीख, तीन मानांचे पात्र, डावी मान, ठिपका आतून. त्यांनी वही मिटली.

"ही कंपनीची खूण ना?" चष्मेवालीने विचारले.

"हो," मामा म्हणाले. तिच्याशी बोललेले ते पहिले आणि शेवटचे खोटे.

संध्याकाळी घरी त्यांनी सगळे बायकोला सांगितले. ती कापड बेतत होती. हातातली कात्री खाली न ठेवता तिने ऐकून घेतले.

"सात महिने राहिलेत तुमचे," ती म्हणाली. "सही केलेल्या कागदाविरुद्ध भांडं दिलंत हे आपण होऊन सांगायला जाणार? तोंड शिवून बसा."

"पोरीची सहा वर्षं पाण्यात जातील."

"तिची सहा. तुमची एकतीस."

मामा जेवले, भांडी आवरायला मदत केली, बातमी चिकटवलेले कपाट उघडले आणि बंद केले. मग म्हणाले, "आणि समज, खरंच तो ठिपकाच असला तर? मग तर नाव घालावंच लागेल ना?"

बायकोने कापडाची घडी घातली. यांच्या पोटात पोरीच्या दयेबरोबर आणखी काय आहे ते तिला कळले. तिने पुढे वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामांनी चष्मेवालीला खोलीत बसवून सगळे सांगितले. काल खोटे बोललो हेही सांगितले. तिने दोनदा चष्मा पुसला. मग तिने एक नवे धडके पात्र घेतले, मामांकडून निळ्या कांडीचा पेराएवढा तुकडा मागून घेतला आणि वर गेली. तिने तेल घातले, तुकडा टाकला आणि सरांची करडी पावडर मुद्दामच टाकली नाही.

दुपारी जिन्यावरून धावत येणारी पावले ऐकू आली. ती येऊन धपकन स्टुलावर बसली.

"मामा, पावडर काहीच करत नव्हती. सगळं तुमच्या काचेनं केलं. पावडर नुसती पडून होती." मग हसून म्हणाली, "आता तुमचं नाव येणार. विभाग नाही, नाव. कसं लिहायचं ते द्या लिहून."

मामांनी हात पुसले. एका कोऱ्या कागदाच्या चिटोऱ्यावर त्यांनी स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव सुबक अक्षरात लिहिले. खाली इंग्रजी अक्षरांत पुन्हा लिहिले, एक अक्षर चुकल्यासारखे वाटले म्हणून दुसरा चिटोरा घेतला आणि पुन्हा सगळे लिहिले. तिने तो चष्म्याच्या डबीत ठेवला.

दोघे मिळून मोठ्या सरांकडे गेले. सरांनी तिचे बोलणे मध्ये न तोडता ऐकले. पेनाचे टोपण काढत होते, लावत होते. ते रागावतील म्हणून मामा तयारीने आले होते, पण सर रागावले नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "हे अजून किती जणांना माहीत आहे?"

"आम्ही दोघंच, सर."

"ठीक." मग ते मामांकडे वळून आपुलकीने म्हणाले, "मामा, तुमची ती वही आणि आहेत तेवढ्या निळ्या कांड्या माझ्याकडे आणून द्या. हा आता महत्त्वाचा ऐवज आहे. तळघरात नको."

आपल्या वहीला कोणी ऐवज म्हटले याचाच मामांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच तासाला वही आणि सातही कांड्या फडक्यात गुंडाळून वर नेऊन दिल्या. पोचपावती मागायचे त्यांच्या डोक्यातही आले नाही.

आठ दिवसांनी त्यांच्या हातात मेमो पडला. वर त्यांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि हुद्दा. लेखी आदेशाचा भंग करून आपण दुरुस्त केलेले काचपात्र प्रयोगशाळेस पुरवले, तसेच कोणाचीही परवानगी न घेता त्याच्या आतील बाजूस स्वतः तयार केलेल्या निळ्या काचेचा ठिपका लावून प्रयोगात परके द्रव्य मिसळण्यास कारणीभूत झालात, तरी खुलासा करावा. खाली मोठ्या सरांची सही. मामांनी चूक कबूल करून माफीचा खुलासा लिहिला. सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. नाकासमोर चालणाऱ्या माणसाच्या सेवापुस्तकातली ती पहिली तांबडी ओळ.

"झालं समाधान?" बायकोने विचारले.

"निबंध येऊ दे," मामा म्हणाले.

निबंध पाच महिन्यांनी आला. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता. कोबाल्ट असलेल्या काचेने हे काम होते, असा मोठ्या सरांचा नवा शोध. आधीच्या शोधाचा हा पुढचा टप्पा आहे असे त्यात म्हटले होते, पावडरीचा उल्लेख ओझरता होता. पहिले नाव सरांचे, दुसरे चष्मेवालीचे. पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा फोटो, पुन्हा तेच पात्र. मामा ग्रंथालयात गेले. ग्रंथपालाने पाने उलटली, शेवटच्या ओळींवर बोट ठेवले आणि मासिक मामांकडे सरकवले.

"वाच."

"काचकाम विभागाचे आभार."

"नीट बघ. अजून कुठे असेल."

ग्रंथपालाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवले. मग मासिक मिटले.

चष्मेवालीची पदवी झाली. ती दोन दिवसांनी तळघरात आली, पण स्टुलावर बसली नाही, दाराशीच उभी राहिली.

"सर म्हणाले, नाव छापलं तर नियम मोडल्याचंही छापावं लागेल. तुम्हालाच त्रास होईल. निवृत्तीच्या तोंडावर कशाला?"

"मेमो मिळाला मला. अजून कोणता त्रास राहिलाय?"

ती खाली बघत होती. "मी दोनदा म्हटलं होतं, मामा."

"दोनदा म्हणालीस, खूप झालं. तिसऱ्यांदा म्हणाली असतीस तर तुझी पदवी अडली असती." मामांनी बर्नर पेटवला. "माझा चिटोरा आहे का गं अजून?"

तिने चष्म्याची डबी उघडली. चिटोरा तिथे होता. तिने तो परत द्यावा की ठेवावा हे तिला कळेना, आणि मामांनीही काही सांगितले नाही. काच तापत होती, ती सोडून त्यांना हात पुढे करता येत नव्हता. ती डबी मिटून निघून गेली.

निरोप समारंभात चहा होता. मोठ्या सरांनी भाषण केले. काचकामासारख्या पडद्याआडच्या सेवेशिवाय विज्ञान उभे राहत नाही असे ते म्हणाले. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ते क्षणभर अडखळले, शेजारच्या कारकुनाकडे पाहिले आणि मग हसून म्हणाले, "आपले फुंकरमामा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांच्या जागी दुसरा माणूस भरायचा नाही असे ठरलेच होते. नव्या शोधासाठी मोठे अनुदान आले होते, त्यातून तळघराची खोली यंत्रासाठी घेतली गेली. त्याच आठवड्यात टेबल, साखळ्या, नळ्यांची मांडणी आणि पिवळ्या शेपटीचा तो बर्नर भंगारवाल्याच्या गाडीत चढले. स्टूल तेवढे ग्रंथपालाने मागून घेतले.

चार महिन्यांनी चष्मेवाली मामांच्या घरी आली. आता ती सरांच्या हाताखाली कायम झाली होती. मामांच्या बायकोने तिला चहा दिला, पण स्वतः तिथेच कपडा शिवत बसून राहिली. मुलीने हळूहळू सगळे सांगितले. काचेच्या मोठ्या कारखान्यातून कोबाल्टची निळी काच करून घेतली, एकदा नव्हे, नऊ वेळा. दिसायला सुंदर, पण तेलावर काही परिणाम नाही. परदेशातल्यांचीही तीच तक्रार. मामांच्या सातही कांड्या तुकडे करकरून प्रयोगांत संपल्या. वहीत नुसते 'निळी कांडी' लिहिलेले, प्रमाण नाही, कृती नाही. एका मासिकाने तर लिहिले होते की या प्रयोगशाळेचा हा दुसरा शोधही फक्त याच इमारतीत लागतो.

"तुम्ही नेमकं काय घालत होतात, मामा?"

मामांना उत्तर माहीत होते. ज्या दिवशी त्यांनी ठिपक्यावरची काळी चमक पाहिली त्या दिवसापासून अंदाज होता.

"काच, कोबाल्ट आणि वाईट आग," ते म्हणाले. "आपला बर्नर धूर ओकायचा. भुकटी काचेत पुरती विरघळायचीच नाही, तोंडाशी कच्ची राहून काळी पडायची. तुझं तेल त्या काळ्याला लागत होतं. चांगल्या आगीत ती छान विरघळते. काच निळीशार होते आणि कामातून जाते."

चष्मेवाली पुढे सरकली. "मग तो बर्नर?"

"अकरा वर्षं मी अर्ज केले, चांगला बर्नर द्या म्हणून. दिला असतात तर तुमचा शोध लागलाच नसता." मामा थांबले. "आणि मी निघालो त्या आठवड्यात तुम्हीच तो भंगारात घातलात."

शिवणयंत्र थांबले.

"तुम्ही दुसऱ्या बर्नरवर जमवू शकाल," चष्मेवाली शेवटी म्हणाली. "आग तुम्हाला ओळखते. सर आत यायचा पास काढून देतील, मानधनही देतील. आणि या वेळी नाव नक्की. मी स्वतः बघते."

मामा बायकोकडे वळून म्हणाले, "अगं, तो कागद आण."

तिने कपाटातून मेमो आणला. मामांनी तो मुलीच्या पुढ्यात ठेवला आणि घडी हाताने सपाट केली.

"तुला माझं नाव छापायचंय ना? यात आहे. वडिलांच्या नावासकट. ठिपका मी लावला, आतून लावला, काच मी बनवली, हे सगळं आहे. सरांची सही आहे खाली. जगात दुसरा असा कागद नाही. हा जसाच्या तसा छापून आणा. त्या दिवशी मी येतो. मानधन नको, पासाचंही बघता येईल."

तिने मेमो वाचला. मग पुन्हा वाचला. चष्मा काढून पुसला.

"सर हे छापणार नाहीत, मामा."

"माहीत आहे मला."

"मग मी त्यांना काय सांगू?"

"सांग, काचकाम विभाग बंद आहे."

चहाचा कप तसाच ठेवून ती गेली. दाराशी तिने मागे वळून पाहिले, तेव्हा मामांची बायको म्हणाली, "पोरी, हातांना काहीतरी लावत जा. अजून सोलवटलेत." तिने मान हलवली.

त्यानंतर कोणी आले नाही. मोठे सर वर्षभराने दुसऱ्या विद्यापीठात कुलगुरू म्हणून गेले. निळ्या काचेचा शोध ना खोटा ठरला ना खरा. त्याच्याबद्दल लोकांनी लिहिणे सोडले आणि तापाचे औषध पूर्वीसारखेच दोन दिवस उकळून तयार होत राहिले.

पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पहिल्या वर्षी मामा तो द्यायला विद्यापीठात गेले. विज्ञान विभागाच्या प्रवेशद्वारात एक काचेचे कपाट ठेवलेले दिसले. आत मखमलीवर ते तीन मानांचे पात्र, खाली पितळी पाटीवर मोठ्या सरांचे नाव, शोधाचे वर्ष. डावी मान भिंतीकडे केलेली होती. मामा एका बाजूने वाकले, दुसऱ्या बाजूने वाकले, गुडघा टेकवून पाहिले. ठिपका काही दिसेना. त्यांनी रखवालदाराला पात्र थोडे फिरवता येईल का असे विचारले. तो नवा होता, मामांना ओळखत नव्हता. किल्ली विभागप्रमुखांकडे असते, असे तो म्हणाला, आणि काचेला हात लावू नका असेही म्हणाला.

मामा कचेरीत गेले. रांग लहान होती. फॉर्मवर त्यांनी आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव सुबक अक्षरात लिहिले आणि खिडकीतून आत सरकवले. जुन्या कारकुनाने वर न बघता शिक्का उचलला आणि मग थांबला.

"मामा, जिवंत आहे असं लिहिलंत," तो म्हणाला, "सही राहिली."

मामांनी फॉर्म परत घेतला आणि सही केली.